गुरुवारची खळ

आमच्या गल्लीत गुरुवारची संध्याकाळ आधी नाकाला कळायची. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, म्हणून गुरुवारी दिवे लागायच्या सुमाराला वरच्या सायझिंगमध्ये खळीची टाकी रिकामी करायचे. मग गटारातून वाफ निघायची आणि सगळ्या गल्लीला भाताच्या पेजेचा वास सुटायचा. जेवून उठलेल्या माणसालाही पुन्हा भूक लागावी असा वास. मी ओट्यावर बसून तो घेत असायचो. डोळे आपोआप मिटायचे. कामतघरची गल्ली हळूहळू लांब जायची, लूमची खटखट पाण्याखालून आल्यासारखी वाटायची, आणि आपण कुठं बसलोय ते माझं मलाच नीट सांगता यायचं नाही.

खळ म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. सूत लूमवर चढायच्या आधी खळीतून काढून वाळवतात, म्हणजे ते ताठ होतं, तुटत नाही. हे काम जिथं चालतं त्याला सायझिंग म्हणतात. पिठासारखी पांढरी पावडर, पाणी आणि बॉयलरची वाफ, एवढ्यावर खळ शिजते. मी उभा जन्म तीच शिजवली. शाळा माझी दुसरीपर्यंत, ती पण रडतखडत. पण माझी खळ खाल्लेलं सूत तुटलं असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणायची कोणाची छाती नव्हती.

घर माझं गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथं उतार संपतो आणि गल्ली वळते. विटा मी स्वतः वाहिल्यात त्याच्या. घरात सगळं होतं, फक्त संडास नव्हता. सार्वजनिक संडास वरच्या टोकाला. बायकोचे गुडघे गेले तशी ती चढण तिला डोंगराएवढी झाली. भिंतीला हात लावत लावत जायची. पाणी कमी प्यायला लागली, म्हणजे कमी जावं लागेल. मी बघत होतो. बोलत नव्हतो. मग एका सकाळी तिनं पिशवी भरली आणि लेकीकडे राहनाळला निघाली. भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "लेकीच्या घरात संडास हाय. आपल्यात झाला की बोलवा, येईन. न्हाय झाला तर मी तिथं बरी हाय."

"मी काय करू इथं एकटा?"

"तुमी पण या की."

हे तिनं मुद्दाम म्हटलं. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. नातवंड झालं की रीत सुटते असं लोक म्हणतात. माझी नातवंडं गोदामात ड्युटीला जायला लागली, तरी मी ती सोडलेली नाही. माझ्या बापानं सोडली नव्हती. राहनाळला गेलो तर उंबऱ्याबाहेर उभा राहतो, ख्यालीखुशाली विचारतो, परत येतो. लेक वाईट मानते. मानू दे.

तर मी एकटा राहिलो. भात लावायचो, कधी कच्चा राहायचा, कधी खळ व्हायची.

त्याच सुमाराला पालिकेनं गल्लीत नवी बंद लाईन टाकायला घेतली. रस्ता फोडला, पाईप टाकले, वर चेंबर बसवले. जुनं उघडं गटार बुजलं. ज्याला घरात संडास बांधायचा त्याला लाईनीत जोड मिळणार होता. मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. तिची पाण्याची पिंपं असायची त्या कोपऱ्यात खुर्चीचा संडास केला. फरशी हिरवी घेतली, तिच्या एका जुन्या लुगड्यासारखी. ते लुगडं आता नाही, पण रंग मला आठवत होता. उठताना धरायला भिंतीत लूमची जुनी सळई बसवली. गवंडी म्हणाला स्टीलचा दांडा मिळतो. म्हटलं, ह्या सळईनं किती वर्षं झटके खाल्लेत तुला माहीत आहे का? ती एका म्हातारीला घाबरणार नाही.

जोड द्यायला आलेल्या माणसांनी जाताना कोपऱ्यावरच्या खांबाला एक कागद चिकटवला. गटारात काय सोडायला मनाई आहे त्याचा. चहाच्या टपरीशेजारीच तो खांब. मी अक्षराला अक्षर जोडत सगळा वाचला. उकळतं पाणी, तेल, चरबी, तेजाब, रंगाचं पाणी, चिंध्या, रुईचा कचरा, खळ. खळ हा शब्द छापलेला मी पहिल्यांदाच बघितला. आपलं नाव चोरांच्या यादीत बघावं तसं झालं.

चहावाला म्हणाला, "क्या लिखा है, चाचा?"

"लिखा है गटर में गंदा मत डालो." मी आवाज चढवला, म्हणजे बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल. "अरे, गटर है के मंदिर? घाण टाकायला गटार बांधायचं आणि घाणीलाच बंदी! उद्या म्हणतील चपला काढून मुतायला बसा."

सगळे हसले. चहावाल्यानं माझा चहा फुकट केला. लोक हसले की माणसाला आपलं म्हणणं दुप्पट खरं वाटतं. मी घरी येईपर्यंत मान वर करूनच आलो.

संडास वाळला, पाणी टाकून बघितलं, सरळ गेलं. मी बायकोला फोन लावला.

"झाला."

"काय झाला?"

"संडास. दुसरं काय होणार या वयात?"

"पानी जातं?"

"घो घो करत जातं."

मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग ती म्हणाली, "शुक्रवारी येते."

गुरुवारी मी घर झाडलं. संध्याकाळी सवयीनं ओट्यावर बसलो. चेंबरच्या झाकणाच्या भोकातून वाफेची बारीक दोरी वर चढायला लागली. पेजेचा वास आला. मी डोळे मिटले. मग घरातून कोणीतरी चूळ भरावी तसा आवाज आला. आत गेलो तर खुर्चीच्या संडासात पांढरं वर येत होतं. कोमट, आंबूस, संथ. घाई नव्हती त्याला. काठापर्यंत आलं, थांबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर साय धरली.

ओळखायला मला कशाला वेळ लागेल? जन्मभर जिला ढवळलं तीच दाराचा रस्ता सोडून खालून घरात आली होती.

फोन केला. "उद्या नको येऊस."

"का?"

"नको म्हणतो ना."

"बांधलाच न्हाय ना? मला वाटलंच."

"बांधलाय. हिरवी फरशी हाय."

"असूंद्या, असूंद्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माणसानं मला हट्टी म्हणावं, तिरसट म्हणावं, मी ऐकून घेतो. लबाड मला कोणी म्हटलेलं नाही. आणि आता राहनाळला बसून माझी बायको लेकीला सांगत असणार, तुझा बाप हिरव्या फरशीच्या थापा मारतो.

नंतरचे दिवस कसे गेले ते मला धुक्यातून आठवतात. दुपारी ओट्यावर पडलो की झोप यायची नाही आणि जाग पण राहायची नाही. मला दिसायचं की रस्त्याखाली एक पांढरी नदी आहे, वरपासून खालपर्यंत गोठलेली. लोक तिच्यावरून चालतायत, रिक्षा जातायत, आणि कोणाला ठाऊक नाही. खाली मासे आहेत, तेही गोठलेले, डोळे उघडे. मग ते कशेळीकडच्या खाडीचे मासे व्हायचे. आमचं मूळ घर तिथं खाडीकाठी होतं. भरती आली की पाणी कुडाच्या मागं येऊन थांबायचं, जणू विचारायचं, येऊ का. आई मागल्या दारी भात वेळायची, म्हणजे शिजल्या भातातली पेज काढायची. पेज गरम असताना ती कधी जमिनीवर ओतायची नाही. मडकं बाजूला ठेवायची. ओतायची वेळ आली की वाकून हळू म्हणायची, "सरा गं बायांनो, पानी टाकतंय." कोणाला म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. मुंग्या असतील, बेडक्या असतील, नाहीतर दुसरं कोणी. ती म्हणायची आणि थोडं थांबायची, ते सरले का बघायला.

मी जागा झालो की वरून लूमची खटखट यायची आणि आईचा आवाज तिच्यात विरघळून जायचा.

पालिकेची गाडी आली, मोठ्या दाबानं पाणी मारून लाईन मोकळी करणारी. बरोबर एक इंजिनीअर पोरगी होती, डोक्यावर पिवळं टोपडं, पायात गमबूट. माझ्या दारासमोरचं वळणावरचं चेंबर उघडलं. माणसांनी आकड्यानं ओढून एक ढेप रस्त्यावर काढली. खरवसासारखी थरथरत होती. ऊन पडलं तशी आतून उजळली. खोटं कशाला सांगू, सुंदर दिसत होती. कुत्रं आलं, हुंगून गेलं.

पोरगी म्हणाली, "काका, ही वरच्या सायझिंगची. गरम असते तोवर वाहते. तुमच्या वळणापर्यंत येता येता थंड होते आणि इथंच बसते. ते वरून आणखी गरम पाणी ओततात, त्यानं अजून थोडी सरकते, बस."

"मला खळ शिकवतेस का, बाय?"

"नाही काका, खळ तुम्हालाच माहीत. मी गटार सांगतेय."

ती पुढं म्हणाली, "आज काढली. पुढच्या गुरुवारी परत बसेल. कागद लावलाय खांबाला, वाचत कोणी नाही."

"वाचलाय," मी म्हटलं.

गाडी गेल्यावर मी काठी घेतली आणि चढण चढलो. बायकोची चढण. मध्ये दोनदा भिंतीला हात लावावा लागला. तिच्या हातानं तिथला चुना गुळगुळीत झाला होता, नाहीतर मला तसं वाटलं.

सायझिंगमध्ये आता खळ शिजवतो तो माझ्याच हाताखाली तयार झालेला, उत्तरेकडचा. आला तेव्हा मिसरूड नव्हतं, आता दाढी पांढरी झालीय. मला बघून त्यानं डबा पालथा घालून बसायला दिला.

"चाचा, आज इधर कैसे?"

"गुरुवारची खळ गटारात सोडायची नाय."

"आपने ही तो सिखाया," तो म्हणाला. "बासी मत रखो, गरम-गरम छोड़ो, ऊपर से गरम पानी मारो."

"तब गटर खुला था. खुल्या गटारात बह जाता था. मैंने सही सिखाया था." हे मी आजही म्हणतो.

"तो अब?"

"अब ठंडा करने का. ड्रम में भर, जमने दे, सुबह फावड़े से काट. कचरे की गाड़ी ले जाएगी."

तो हसला. मशीनवरचे पण हसले. "चाचा, आप ही बोले थे ना चाय पे, गटर है के मंदिर? पूरा मोहल्ला बोलता है अभी."

"बोला था. अभी भी बोलता हूँ, मंदिर नहीं है." मला दम लागला होता. "लेकिन मेरी बीवी उधर राहनाल में बैठी है, और मेरे घर में तेरी खळ बैठी है."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मग त्यानं दाढी खाजवली. "चाची के वास्ते बोलो ना सीधा."

मालक तरुण, कानाला मोबाईल. त्याचं म्हणणं, ड्रम भरायला नि ढेपा कापायला कोण उभं राहणार, माणसं सुट्टीच्या घाईत असतात. मी म्हटलं, मी बसतो. तो म्हणाला, काका, तुम्ही? मी म्हटलं, का, बसायला पण शिक्षण लागतं?

तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी मी तिथं बसतो. खळ टाकीतून अर्ध्या कापलेल्या ड्रमांत उतरते, धूर काढत. मी काठी गुडघ्यावर ठेवून बघतो. आधी ती हलते, मग थोडी हलते, मग नुसती कडेला थरथरते, मग ट्यूबलाईट तिच्यात स्थिर होते. रोज ढवळली तेव्हा मी तिला कधी शांत बसलेली बघितली नव्हती. शिफ्ट सुटलेले कारागीर जाता जाता टोमणा मारतात, "चाचा, मलाई की रखवाली?" मी म्हणतो, हो, तुला वाढू का. माझा चेला आता अंदाज धरून शिजवतो, उरते ती पण कमी. ढेपा सकाळी गोणीत भरून गाडीत जातात.

पालिकेच्या गाडीनं लाईन पुन्हा एकदा धुतली. मग पहिला गुरुवार आला. सायझिंगमधून उतरून घरी आलो. झाकणातून वाफ नव्हती. वास नव्हता. गल्ली कशी पोरकी वाटली, आणि मला भूक लागली नाही. आत जाऊन बादलीभर पाणी टाकलं आणि कान लावून बसलो. पाणी गेलं. भिंतीखालून, ओट्याखालून, वळणावरून, त्याच्या पुढं कुठं ते मला माहीत नाही. पण ऐकता ऐकता मी पण बराच लांब गेलो. ओहोटीचं पाणी उतरताना चिखलात जसं बोलतं, तसं ते बोलत होतं.

आणखी एक गुरुवार जाऊ दिला. घाईनं फोन करून पुन्हा लबाड ठरायचं नव्हतं. फोन करायचाच नाही असं ठरवलं. शुक्रवारी सकाळी टपरीवर चहा घेतला, वरून आणखी एक घेतला, आणि रिक्षात बसलो.

तिथंच चूक झाली. राहनाळच्या रस्त्याला कंटेनर आडवा लागलेला. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्ये गाड्याच गाड्या. रिक्षा जागची हलेना. ऊन वर आलं. मी पत्र्यांच्या लांबच लांब भिंती बघत राहिलो, त्या पाण्यासारख्या लकाकत होत्या, आणि पाण्याचा विचार मला सोसवत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला दोन चहा म्हणजे काय ते म्हाताऱ्यालाच कळेल.

लेकीच्या दारात पोचलो. ती म्हणाली, "बाबा, आत तरी या."

"आईला पाठव."

बायको आली. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर मी. जरा भरली होती अंगानं. पाणी पीत असणार पोटभर.

"घरी चल," मी म्हटलं.

"पानी जातं?"

"जातं."

"गुरवारी?"

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. "गुरुवारी पण जातं. खळ टाकू देत न्हाय मी. राखत बसतो."

"तुमी?" तिनं डोळे बारीक केले. "ते गटर का मंदिर, ते कोन बोललं होतं? इथपर्यंत आलंय ते. जावई सांगत होता."

"मीच बोललो."

"मंग?"

"मंग काय? बोललो तेव्हा बोललो. आता बसतो."

ती माझ्या पायांकडे बघायला लागली. मी एका पायावरून दुसऱ्यावर होत होतो.

"असं का करताय?"

"कुठं काय?"

"जावा आत. डाव्या हाताला हाय."

"मी लेकीच्या घरात..."

"प्यायचं न्हाय अशी रीत हाय," बायको म्हणाली. "सोडायचं न्हाय असं कुनी सांगितलं? का ते पन खांबाला लावलंय?"

लेक ओढणी तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. रस्त्यावर सगळे ट्रकवाले आमच्याकडेच तोंड करून उभे. मी काठी दाराला टेकवली आणि लग्न लावून दिल्यापासून पहिल्यांदा लेकीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

आत थंड होतं. खिडकीवर पोरांचे दात घासायचे ब्रश. बायकोचं एक लुगडं वाळत होतं. मी मगभर पाणी टाकलं, ते गेलं. कुठं गेलं असेल असं मनात आलं, आणि मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कोणीतरी सरेपर्यंत थांबावं तसा.

बाहेर आलो तर बायको तांब्या घेऊन उभी.

"घ्या. देता तसं घ्यावं पन."

मी तांब्या घेतला आणि प्यालो. पाणी गोड लागलं असं म्हणणार नाही. टँकरचं पाणी होतं, टँकरसारखं लागलं. पण सगळं प्यालो. लेक बघत होती.

दुपारी आम्ही घरी आलो. चपला काढायच्या आधी ती कोपऱ्यात गेली. मी ओट्यावर थांबलो. आतून सळईला झटका दिल्याचा आवाज आला, एकदा, परत एकदा.

"लूमची हाय ना ही?"

"मग."

"फरशी कोनत्या लुगड्याची?"

"ओळख."

पाणी टाकल्याचा आवाज झाला. मी मान कलती करून ऐकलं, ओट्याखालून, वळणावरून, पुढं.

संध्याकाळी तिनं भात लावला. लूम बंद होते, गल्ली गप्प होती. ती भात वेळायला मोरीपाशी बसली, तपेल्याला झाकण लावून कलतं केलं, आणि वाफ वर आली. तोच वास. माझे डोळे मिटायला लागले होते, तरी मी ओरडलो, "गरम ओतू नको! थंड होऊ दे!"

"आता घरात पन राखन करनार का?" ती म्हणाली. पण पेज तिनं पातेल्यात धरली, आणि ते माझ्याजवळ ओट्यावर आणून ठेवलं, मी बघत बसावं म्हणून.